अँटेना धरायला दुसरं माणूस

बाळा,
मी चार दिवस मावशीकडे जाते आहे. भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घे.

समोरची इमारत वर चढली तसा टॉवरचा सिग्नल अडला, टीव्हीवर काहीच दिसत नाही. परवा अँटेना हातात धरून खिडकीत उभी राहिले, तर बातम्या स्वच्छ ऐकू आल्या. पण बघायला वळले की गेल्या. एकानं धरायची आणि दुसऱ्यानं बघायचं, असं आहे ते.

काल तेच सांगायला तुझ्या खोलीत आले होते. "आई, मोबाईलवर बघ ना," म्हणालास आणि दार लावून घेतलंस. कामात होतास, माझा राग नाही.

मावशीकडे तर टीव्हीच नाही. पण ती दिवसभर बोलते.

आई