पश्चिमेकडचे कुंपण

मी, श्रीमती झुंबरबाई धोंडीराम विधाते, वय सत्तरीच्या घरात, धंदा फुलशेती, राहणार मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि शाबूत डोक्याने लिहून ठेवते. डॉक्टरांनी कालच तपासले. त्यांनी मला वार विचारला, तो मी सांगितला, आणि त्यांच्या गणपतीच्या हारातली शेवंती शिळी आहे हेही सांगितले. मग त्यांनी मुकाट्याने दाखला दिला. मजकूर माझा, अक्षर वकिलांकडच्या ज्ञानेशचे. "आजी, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत," असे तो मघापासून म्हणतो आहे. मी म्हटले, "मरणार कोण, तू का मी? लिही."

१. माझे राहते घर व मागची मोकळी जागा. चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस गावरस्ता, दक्षिणेस बायडाबाईचा गोठा (वासासकट), उत्तरेस पाण्याची चारी, पश्चिमेस तारेचे कुंपण व त्यापलीकडे केरू पगार यांचे कुलूपबंद घर. ही मिळकत मी माझी नात निकिता संतोष विधाते हिला देते. ती तेरा वर्षांची आहे, सबब सज्ञान होईपर्यंत तिची आई, म्हणजे माझी सून भाग्यश्री, कारभार पाहील. माझा मुलगा संतोष याने यात हात घालू नये. का, ते पुढे येईल.

२. मळ्यातली गुलाबाची जमीन, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप आणि सगळ्या कात्र्या संतोषला. शेती तो चांगली करतो, त्यात मी नाव ठेवणार नाही. पोस्टातली शिल्लक भाग्यश्रीला. मी तिला पुष्कळ टाकून बोलले, ती उलटून बोलली नाही, फक्त भांडी आपटायची. भांडीही तिलाच. बायडाबाईने नेलेली पुरणाची चाळण कोणी परत मागू नये. मागून मागून माझी जीभ झिजली, आता लखलाभ होवो तिला.

३. कुंपणाबाबत.

मागचा तुकडा माझ्या मालकांनी, ते हयात असताना, केरू पगार यांना विकला. केरू एसटीत कंडक्टर. त्यांनी घर बांधले आणि स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या न्हाणीसमोर काढली. त्या खिडकीत त्यांची बायको वत्सलाबाई उभी असायची. सकाळी उभी, दुपारी उभी. मी फुले निवडायला बसले की बघणार, डोक्यावरून पाणी घेतले की बघणार. आणि रोज एकच विचारणार, "आज काय भाजी केली?"

मी एकदा चिडून म्हटले, "अहो बाई, माणसाला अंघोळ तरी करू द्या!"

ती म्हणाली, "मी तुम्हाला नाय हो बघत. घरात बोलायला कोण नाय, म्हणून माणसं बघते."

तिला मूलबाळ नव्हते. नवरा चार दिवस गाडीवर. मला कळत का नव्हते? कळत होते. पण उघड्या अंगावर कोणाची नजर फिरली की कळवळा कुठल्या कुठे जातो. मी सांगून टाकले, पाऊस पडला की मेंदी लावून हे कुंपण झाकणार. तेव्हा ती तारेला धरून म्हणाली, "नका हो झाकू. मला तेवढंच दिसतं." त्याच उन्हाळ्यात तापाने गेली. साल चौऱ्याण्णव.

दहाव्याला आम्ही शेजारी म्हणून गोदावरीवर गेलो. पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर ओळीने बसलेले, पण एक खाली येईना. केरूने दारू सोडायची शपथ घेतली. तिच्या भावाने वर्षाला साडीचोळी वाटायचे कबूल केले. दिराने सांगितले, केरूला आम्ही जपू. काही उपयोग नाही. ऊन चढले, लोक दर्भाचा कावळा करून उरकू म्हणायला लागले. तेवढ्यात आमचे चिरंजीव पुढे झाले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "काकू, आमच्याकडचं कुंपण आम्ही कधी झाकणार नाय."

त्याचे बोलणे पुरे व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळ्यांनी संतोषची पाठ थोपटली. कुंपण माझे, शब्द त्याचा, आणि तो ऐकला तिने. मला विचारायची पद्धत होती की नाही? घाटावर दिलेला शब्द म्हणजे काय बाजारातला भाव आहे?

पुढे केरू मालेगावला भावाकडे राहायला गेले. घराला कुलूप लागले, खिडकीला आतून फळ्या ठोकल्या. तरी न्हाणीत गेले की माझी पाठ थंड पडायची. रिकाम्या घराची नजर मला चालेना. मी म्हटले, शब्द दिला त्याने, मी नाही. आणि हिरवी नेट आणून कुंपणाला बांधली.

थोड्याच दिवसांत नेटला भोक पडले. बाईमाणूस उभे राहिले तर डोळे येतील, तेवढ्या उंचीवर. उंदराने कुरतडल्यासारखे फाटलेले नाही, दोरे एकेक बाजूला सारलेले. मग बांबूच्या तट्ट्या लावल्या. त्याच जागी दोन कामट्या फाकल्या. मग निफाडहून द्राक्षबागवाल्यांकडून जुन्या साड्यांचा गठ्ठा आणला. ते लोक थंडीवाऱ्यासाठी बागेला साड्या बांधतात, तशा मी कुंपणभर बांधल्या, दुहेरी गाठी मारून. सकाळी त्याच जागची गाठ सुटलेली आणि साडीचा काठ नीट चुण्या करून मागे सारलेला. बाई खिडकीचा पडदा सारते ना, तसा.

संतोष म्हणायचा, "आई, वारा असतो." बरे, वारा तर वारा. मग विटांची भिंत घाल म्हटले, तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "भिंत नको. शब्द दिलाय." वाऱ्याला घाबरणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मी एवढ्यावर सोडून दिले असते. माझे वय झाले, बघेनात का. पण निकिता पाच वर्षांची असताना कुंपणाशी खेळत होती आणि मध्येच मोठ्याने म्हणाली, "मेथी."

मी विचारले, "कोणाशी बोलतेस गं?"

"ती काकू विचारते ना, आज काय भाजी केली."

निकिता जन्मली ती वत्सलाबाई गेल्यानंतर. तिच्यासमोर हे नाव आमच्या घरात कोणी काढलेले नाही. मी भाग्यश्रीला विचारले, संतोषला झापले, कोणी नाही. त्या संध्याकाळी मी साड्या बघायला गेले. वरची गाठ शाबूत होती. खाली, पोरीच्या तोंडासमोर, नवी फट होती.

त्यानंतर निकिता वाढली तशी फट वर सरकत गेली. मी शिवली, दाभणाने टाके घातले, तरी सरकली. मी निकिताला ओरडून पाहिले, पुढच्या दारात अभ्यासाला बसवून पाहिले. तापात असली तरी ती म्हणायची, "आजी, काकू वाट बघत असेल."

यंदा दिवाळीनंतर ती माझी वेणी घालत होती. मी हळूच विचारले, "काकू अजून भाजी विचारते का गं?"

"नाय. आता विचारते, इकडे कधी येतेस."

हे लिहिताना ज्ञानेशचा हात थांबला आहे. लिही बाबा. याच्याचसाठी सगळा खटाटोप चालला आहे. माझी निकिता जाता कामा नये.

४. अंतिम इच्छा. ही बंधनकारक समजावी.

माझी लुगडी नदीवर सोडू नयेत, कोणा गरिबाला देऊ नयेत. ती सगळी पश्चिमेच्या कुंपणावर बांधावीत. नव्याजुन्याचा विचार करू नये. अंगावरचे वासही धुऊ नयेत.

दहाव्याला पिंड मांडावा, लोक काय म्हणतील म्हणून. पण कोणीही काहीही कबूल करू नये. संतोषने तर तोंडच उघडू नये. कावळा आपण होऊन खाली आला तर त्याला हाकलावे. ते संतोषच्याने होणार नाही, रडत बसेल. म्हणून हार गुंफणाऱ्या सिंधुबाईवर हे काम सोपवते. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकील म्हणतात, सबब तिला नुसते काम देते. दर्भाचा कावळाही करू देऊ नये.

मला सुटायचे नाही. वत्सलाबाईला माणूस बघायचे आहे ना? मग मला बघत बसावे. माझ्याशी बोलावे, भाजी विचारावी, मी सांगेन. निकिताने मागच्या अंगणात खुशाल केस वाळवावेत. मध्ये मी उभी असेन.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १२ फेब्रुवारी २००९

झुंबरबाई धोंडीराम विधाते
(सही माझी मी केली आहे, अंगठा नाही.)

साक्षीदार:
१. बहिरू रामजी पिंगळे. मजकूर वाचून दाखवला, ऐकला.
२. सिंधुबाई काठे. ऐकला. काठी घेऊन जाईन.