नितीनच्या नावाने आत आलेला

सोम. ता. ३
सकाळपासून मला चहा कोनी इचारला नाय. सगळ्यांचा जीव जासईच्या आमच्या कंटेनर यार्डात. तिथला कंप्युटर धापा टाकतोय, गेटवर ट्रेलर अडकलेत. बाळ्या, माझा मुलगा, म्हनतो गरम झालाय, पंखा लावा. यार्डाचं मशीन आता त्याची पोरगी सोनल बघते. म्हनाली, "आजी, पंख्याने जाणारं दुखणं नाहीये हे."

मंगळ. ता. ४
सापडलं. आत परका प्रोग्राम बसलाय. नाव असं घेतलंय, मशीनचाच वाटावा. मारला की परत उभा. त्याला उठवनारा दुसरा कुठंतरी लपलाय. सोनल म्हनते, आपल्या मशीनवर कोनीतरी बिटकॉइनसारखे नेटवरचे पैसे पाडतोय. वीज आपली, कमाई दुसऱ्याची. मी म्हनलं, जावई हाय वाटतं. सोनल हसली नाय.
बाळ्या: "ह्या मशीनच्या लिनक्सला व्हायरस-बियरस कायपन लागत नाय म्हनलेलीस ना?"
सोनल: "कुलूप चांगलंय बाबा. चावीच गेली तर?"

बुध. ता. ५
कोन शिरला ते मशीन टिपून ठेवतं. बाहेरून कोनीतरी पासवर्ड लावून लावून बघत होता. शेवटी दार उघडलं. नितीनच्या नावाने.
नितीन, सोनलचा भाऊ. होळीच्या आधी ट्रेलरखाली गेला.
तेराव्यानंतरच पोरगी म्हनाली होती, दादाचं मशीनमधलं खातं बंद करू. बाळ्याने करू दिलं नाय. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्याचं कायपन हलवायचं नाय. शर्ट खुंटीवर, गाडी अंगनात, नाव मशीनमध्ये. पासवर्डपन त्याचंच नाव, पुढं एक दोन तीन.

गुरु. ता. ६
मंदाने, म्हंजे नितीनच्या आईने, दारामागून ऐकलं. जेवताना इचारते, "आज आलेला का नितीन?"
बाळ्या ताटावरून उठला, मागोमाग सोनलपन. मी जेवले.

शुक्र. ता. ७
सोनलने नेटची वायर काढली. पोलिसांसाठी सगळ्याची नक्कल घेतली. आता मशीन पुसून नव्याने बसवनार, चोराने आत आनखी कुठं वाटा ठेवल्यात कळत नाय. नव्यात नितीनचं नाव नसनार. बाळ्या न्हावा शेवा बंदराच्या एजंटांसमोर तिच्यावर खेकसला, "तुझं लक्ष कुठं होतं?" बंद करू नको म्हनलेलं कोन, ते एजंटांना कोनी सांगितलं नाय.
संध्याकाळी मंदाने तिचा हात धरला, "नको पुसू गं. तेवढ्याच ठिकानी येतो तो."
"नितीन नाय येत मंदे, चोर येतो." मी बोलले. कोनीतरी बोलायला पायजे होतं. मंदा उठून गेली.

शनि. ता. ८
यार्ड बंद. मशीन तसंच पडलंय. मंदा सोनलच्या दारात बसून हाय, एकच इचारते, "पुसलंस तर तो कुठून येईल?" बाळ्या स्वतःच्या गाडीची चावी घेऊन निघाला. सोनलला म्हनतो, "आईला तूच समजाव, तुला त्यातलं कळतं."
चावी मी काढून घेतली. म्हनलं, नितीनचं नाव राहू दे म्हनलास तू. आता का पुसायचं ते मंदासमोर बसून तूच सांगायचं. सोनल, तू गप्प रहायचं. उत्तर बाळ्या देईल.