नदीनसाठी चार कडवी

४ ऑक्टोबर १९७६, सोमवार
नदीनला माहेरी जाऊन आज एकवीस दिवस झाले. आईला बरं नाही म्हणून गेली आहे. शिलाई मशीन आणि हिवाळ्याचे कोटही नेलेत. बाई दूरदृष्टीची. केंटकीच्या थंडीचा भरवसा नाही.
माझ्या एका भाषणावर तीनशे खाणकामगारांनी काम थांबवलं होतं. एका बायकोला परत आणायला एक गाणं पुरे.
संकल्प : शुक्रवारपर्यंत चार कडवी. विषय : एकनिष्ठ प्रेम.

६ ऑक्टोबर
'तुझ्यासाठी डोंगर हलवीन' लिहिलं. खोडलं. डोंगर तर कोळशासाठी खाणकंपनीच हलवते आहे. बायबल आणि दोन कवितासंग्रह चाळले, सगळं फार भव्य. निष्ठा लहान कामांत दिसते. आठवायला बसलो.

९ ऑक्टोबर, शनिवार
एक दिवस उशीर, पण गाणं झालं. कडाक्याच्या थंडीत तिची गाडी आधी तापवून ठेवणारा. सफरचंदं उतरवताना शिडी धरणारा. दर गुरुवारी तिच्या आईला दवाखान्यात नेणारा, गुडघ्यावर हॅट ठेवून बाहेर थांबणारा. म्हणताना स्वतःच रडलो.
शेजारच्या ऑर्विल कोम्ब्सला ऐकवलं. तीस वर्षांचा दोस्त. कानापर्यंत लाल झाला, चांगलं आहे म्हणाला, कॉफी अर्धी टाकून गेला. साध्या माणसांना कविता सोसत नाही.

११ ऑक्टोबर
गाण्याची टेप रेडिओवाल्या थर्मनला दिली. शनिवारी सकाळी तो लोकांच्या नावानं गाणी लावतो. नदीनला रेडिओ ऐकायचा निरोप ऑर्विलबरोबर पाठवला. गुरुवारी तो तिकडे जातोच आहे.

१६ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी ९.४०
लागलं! तीन फोन आले. नदीनचा नाही. रडत असणार. दाढी केली. तिची खुर्ची पुसून ठेवली.

१८ ऑक्टोबर
अजूनही रडत असणार.

२३ ऑक्टोबर, शनिवार
आज पुन्हा लागलं. थर्मननं आधी चिठ्ठी वाचली : 'नदीन रॅटलिफकडून, ऑर्विल कोम्ब्ससाठी.'
थर्मन पितो, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी खात्री करायला नदीनला फोन केला. चिठ्ठी बरोबर होती. म्हणाली, "अरे डेलबर्ट, शब्द न् शब्द खरा लिहिलास. तीन वर्षं आईला कोण नेतोय? गाडी कोण तापवायचं? तू तर घोरत असायचास. मला वाटलं, तू सगळं पाहिलंस, समजून घेतलंस आणि मोठ्या मनानं आम्हाला गाणं दिलंस."
गाणं कोणी लिहिलं, असं मी विचारलं.
"लिहिलंस तू. केलं त्यानं."
परत कधी येणार, हेही विचारलं. येणार नाही म्हणाली. हळू म्हणाली.

२४ ऑक्टोबर
ज्याच्या खांद्याला खांदा लावून नऊ महिने संप केला, त्यानं माझ्याच घरात संप फोडला! जगातले सगळे विश्वासघात मी वाचले आहेत. रोमचे, जेरुसलेमचे. त्यातला एकही गद्दार माझी कॉफी प्यायला आला नव्हता.
संकल्प : ऑर्विलला उंबऱ्यावर पाऊल ठेवू द्यायचं नाही. मरेपर्यंत.

३० ऑक्टोबर, शनिवार, दुपारी
ऑर्विल आला. हातात गिटार. दारातच त्याला निष्ठेवर वीस मिनिटं ऐकवलं. हॅट काढून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, तुझं सगळं खरं आहे. पण सासूबाईंच्या वाढदिवसाला नदीननं मला ते गायला सांगितलंय. आणि तिसरं कडवं काही केल्या जमत नाही."
म्हणून दाखवलं त्यानं. भयंकर! माझ्या गाण्याचे असे हाल मी बघू शकत नाही. आत बसवलं. त्याची बोटं खाण खणून लाकूड झालेली, एकेक धरून तारेवर ठेवावं लागलं.
उद्या चारला परत बोलावलं आहे. चौथं कडवं फारच कच्चं आहे.