वीतभर दोरी

मांद्रे, ८ जून १९८७

गोवा घटकराज्य झाल्याच्या पताका शाळेत अजून लटकताहेत. आज नववीच्या धड्यात ‘फ्लॉट्सम’ शब्द आला आणि मी अडले. मुलांना म्हटलं, उद्या सांगते. संध्याकाळी शब्दकोशात सापडला. बुडालेल्या जहाजाचं तरंगत आलेलं सामान. मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ नुसता तरंगणं. आणि असं सामान मूळ मालकाचंच राहतं म्हणे.

हे आमच्या किनाऱ्यावर कुणाला शिकवावं लागत नाही. महिन्यापूर्वी धाकट्या भावाची, विठूची, होडी बुडाली. त्याच्या जाळ्याचा तरंगता लाकडी बोया शेजाऱ्याला वाळूत मिळाला. वर कोरलेली आमची खूण ओळखून तो घरी घेऊन आला. बोयाला वीतभर दोरी होती, तुटलेली. विठू अजून सापडलेला नाही.

आईने विचारलं, “कितें गो बरयलां?” शब्दकोशात काय लिहिलंय ते मी सांगितलं. तशी म्हणाली, “आनी बुडलें तें कोणाचें?”

त्यालाही शब्द होता, तिथेच दिलेला. लॅगन. मालकाने परत येऊन काढावं म्हणून बोया बांधून बुडवलेलं सामान.

मी म्हटलं, पुस्तकात नाही. का खोटं बोलले मी?

आई बोया मांडीवर घेऊन बसली होती. ती वीतभर दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.