आमच्या दारचं एन्सेलिया

८ जून
नळाला आठवड्यानं पाणी, आणि कॉलनी गुलाबाच्या कुंड्या भरतेय. भिकारडी हौस! भाचा ऋतुराजनं अ‍ॅरिझोनाहून एन्सेलियाच्या बिया आणल्या. वाळवंटातलं झुडूप. रुपेरी पानं, पिवळीधम्मक फुलं. शेवंतीच्याच कुळातलं, पण तिच्यासारखं रडकं नाय. उद्या सगळी कॉलनी रोपं मागायला येणार. कुणाला देणार नाय.

१० जून
बायकोची शेवंती उपटली. जागा पाहिजेच होती. रूपाली म्हणाली, "महालक्ष्म्यांना घरची फुलं लागतात हो. सासूबाईंच्या हातचा वाफा तो." म्हणालो, यंदा अमेरिकेचा हार. जेवली नाय. न जेवो.

२ जुलै
उगवलं! लई जोमात. पानं हिरवी, चिरलेली. रुपेरी नंतर होतील. शेजारचे निजामुद्दीनभाई कुंपणावरून म्हणाले, "अभयसाब, ये कुछ और लगरा. जरा देख लेव." गुलमंडी बाजारात कापड फाडणाऱ्यानं मला बॉटनी शिकवू नये. शेणखत घातलं.

२८ जुलै
कमरेइतकं. फुलं बारीक, पांढरी. आपल्या मातीचा गुण. ऋतुराज फोटो मागतोय. अमेरिकेत राहून घाई तेवढी शिकला.

९ ऑगस्ट
रूपाली सारखी शिंकते. हातांवर चट्टे. म्हणते, झुडपानं होतंय. नवा साबण असणार. शेवंतीचा राग, दुसरं काय.

३० ऑगस्ट
रूपालीचे डोळे सुजून बंद. स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घराजवळ गाजरगवत आहे का? रुबाबात म्हणालो, आमच्याकडं एन्सेलिया आहे. फोटो दाखवला. बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर भांडता आलं असतं. म्हणाल्या, "हेच ते." बिया पावसात कुजल्या असणार. दोन महिने मी तणाला शेणखत घातलं.

१ सप्टेंबर
काल निजामुद्दीनभाईंनी आणि मी सगळं उपटलं. हातमोजे त्यांनीच आणले, दोन जोड.
आज महालक्ष्म्यांचं जेवण. माझ्या बहिणीनं सगळं मांडलं. रूपाली आतल्या खोलीत, डोळ्यांवर ओली पट्टी. म्हणाली, "मला दिसत नाय. थोरलीला कोणतं लुगडं नेसवलंय, तेवढं बघून सांगा."
गेलो. एक हिरवं, एक जांभळं. थोरली कोणती? एवढी वर्षं या घरात बसतात, मी कधी बघितलंच नाय. परत येऊन विचारलं. तिनं पट्टी उलटून पुन्हा डोळ्यांवर ठेवली. मग म्हणाली, "डावीकडची."
पुन्हा जाऊन उभा राहिलो. डावीकडची म्हणजे माझ्या डावीकडची, की देवीच्या?
पुन्हा विचारायला गेलो नाय.