मेलेलं प्यादं

आबा, मी बोलते आहे आणि तुमची नातसून लिहून घेते आहे. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, ती तुमचीच कृपा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावायची माझी सवयच मोडली होती. गेल्या आठवड्यापासून ती परत लागली आहे. चहा उकळताना रागावते, दिवा लावताना रागावते, झोपेत कूस बदलताना मध्येच आठवण झाली की तेवढ्यात रागावून घेते. सून म्हणाली, 'आई, मनात साठवू नका, सांगा, मी लिहिते.' तिला वाटलं दोन ओळींत भागेल. आता बसली आहे बिचारी.

तर ऐका. तुमची पोरगी मास्तरीण झाली आहे. हसू नका. सून इथे शहाद्याला घरीच शिकवण्या घेते. एक तुकडी आत बसते तोवर दुसरी पडवीत धिंगाणा घालते. नातू नाशिकला शिकायला गेला, त्याचा प्लॅस्टिकचा पट माळ्यावर धूळ खात पडला होता. म्हटलं, या माकडांना जरा गप्प करू. मांडला पट. तुम्ही शिकवलं तसंच शिकवलं, हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. पोरं अशी गप्प झाली की आतली तुकडी बाहेर डोकवायला लागली. मग एका पोराची आई विचारते, 'आज्जी, बुद्धिबळाचं काय घेता?' मी म्हटलं, 'नवऱ्याला न विचारता देता येईल तेवढं दे.' दुसऱ्या दिवशी तिनं पाकीटच हातात ठेवलं. आयुष्यभर कापूस वेचला, भाकरी थापल्या, त्याचं पाकीट कधी कोणी दिलं नाही. हे डोक्याचं होतं. रात्री उशाखाली घेऊन झोपले, आणि खरं सांगते, तेव्हा तुमचीच आठवण काढली. मायेनं.

सासरी कधी पट नव्हता, त्यामुळे तुमच्यानंतर मी मोठ्या माणसाशी एक डाव खेळले नाही. आता शाळांच्या स्पर्धा असतात, म्हणून सुनेनं मोबाइलवर बघून नवे नियम वाचून दाखवले. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, राजा आणि हत्ती जागा बदलतात, असलं सगळं. तोंडपाठ केलं मी. शेवटी ती म्हणाली, 'प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर काय, ते वाचू?' मी म्हटलं, 'ते मला माहीत आहे, माझ्या वडिलांनी शिकवलं आहे.' माझ्या पोरांना ते पहिल्या दिवसापासून पाठ आहे. शेवटच्या घरात गेलं की प्यादं मेलं, म्हणून तिथे पाठवायचंच नाही, अलीकडे उभं ठेवायचं. एक कार्टं म्हणालंसुद्धा, 'आज्जी, फोनमध्ये तर त्याचा वजीर होतो.' मी त्याचा कान धरला. 'फोनचा बाप बुद्धिबळ खेळत होता का? माझा खेळत होता.'

मग नंदुरबारला स्पर्धा झाली. माझी चार पोरं गेली, मीही नवं लुगडं नेसून गेले. त्यातली एक चौथीतली पोर आहे, पुढचा एक दात पडलेला, खेळताना वेणीचं टोक चावते. अशी शांत खेळते की समोरच्यालाच घाम फुटावा. मी खिडकीतून बघते आहे. तिचं प्यादं शेवटच्या घराच्या अगदी अलीकडे येऊन उभं आहे, अडवायला कोणी नाही. आणि माझी पोर त्याला हात लावत नाही. गुरूची आज्ञा! तेवढ्यात समोरच्या पोरानं आपलं प्यादं टोकाला नेलं आणि बाजूला पडलेला वजीर उचलून तिथे ठेवला. ही ताडकन उभी राहिली. 'सर, यानं मेलेलं प्यादं जिवंत केलं!'

सगळा हॉल हसला, आबा. पंचांनाही हसू आवरेना. 'असं कोणी शिकवलं तुला?' त्यांनी विचारलं. पोरीनं खिडकीकडे बोट केलं. मी लपायला हवं होतं, पण नवं लुगडं नेसलेली बाई लपणार कुठे?

परत येताना एसटीत पोर रडून रडून झोपली. प्रकाशा गावाच्या पुलावर, बरोबर आलेली तिची आई माझ्याकडे न बघता, तापीकडे बघत म्हणाली, 'आज्जी, पैसे घेता ना तुम्ही? उद्याचा दिवस पाठवते. पुढचं मग बघू.' मी पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

घरी येऊन गावी भावाला फोन लावला. म्हटलं, 'काय रे, प्यादं शेवटना घरमा गयं का काय व्हस?'

'वजीर व्हस, बाई.'

'तुले कोनी सांगं?'

'आबानी.' मग हसला. 'आबा बोलेत, बाईले सांगजो नको. तू जिकी जाती ना मंग!'

फोन मी ठेवला. भावाचा राग आला नाही असं नाही, पण तो तेव्हा एवढासा होता. तुम्ही तर मिशीवाले होता.

ती दुपार मला आता नव्यानं दिसते. कापसाचे दिवस. माणसं शेतात, भाऊ शाळेत. तुम्हाला खळ्यात कापूस मोजून घ्यायला संध्याकाळपर्यंत थांबायचं असायचं, आणि खेळायला कोणी नसायचं, म्हणून मला हाक. 'ये वं पोरी, पट मांड.' शाळेत का नाही घातलं हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आबांनी पट दिला ना, झालं. त्या दिवशी माझं एक प्यादं हरवलं होतं, त्याच्या जागी चिंचोका ठेवला होता. तो चिंचोका घर घर करत तुमच्या टोकाला पोचला. तुमचा राजा कोपऱ्यात अडकलेला. शेजारचे काका बिडी ओढत मागे उभे. तुम्ही चिंचोका उचलला. 'तठे गयं का ते मरी गयं,' म्हणालात आणि कापसाच्या ढिगात भिरकावला. काका हसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, ते माझ्या चालीला हसले. लबाड होतात तुम्ही, आबा.

सून विचारते, 'आई, लबाड लिहू का? सासऱ्यांचे आजोबा ते, बरं दिसत नाही.' अगं, तुझ्या नवऱ्याचे आजोबा, आधी नातं नीट लाव. आणि लिही. मोठ्या अक्षरात लिही. एका पोरीकडून एक डाव हरला असतात तर काय गेलं असतं, आबा? काकांनी गावभर सांगितलं असतं, चार दिवस हसले असते लोक. त्याऐवजी माझ्या दात पडलेल्या पोरीवर अख्खा हॉल हसला. तुमचे चार दिवस वाचले, ते तिनं भरले.

दुसऱ्या दिवशी पडवीत पोरांना बसवलं. त्यांच्या आयाही उभ्या होत्या, तमाशा बघायला. मी सांगितलं, 'मी चुकीचं शिकवलं. प्याद्याचा वजीर होतो.' ते कान धरलेलं कार्टं म्हणालं, 'पण तुमच्या वडिलांनी...' मी म्हटलं, 'ते खोटं बोलले.' हो, म्हटलं. गेलेल्या माणसाची चूक झाकायची असते, मी नाही झाकली. मग त्याला म्हटलं, 'आता तू माझा कान धर.' त्यानं धरला, आणि जोरात धरला मेल्यानं.

मग त्या पोरीला म्हटलं, 'बस, माझ्याशी खेळ.' ती बसली, वेणी तोंडात. तिची आई खांबाला टेकून उभी. डाव लांबत गेला. मी मुद्दाम हरत नव्हते, उगाच समजू नका. तरी तिचं एक प्यादं कडेकडेनं सरकत आलं आणि माझ्या टोकाच्या अलीकडे थांबलं. तिनं वर पाहिलं. मी म्हटलं, 'बघतेस काय? जा.' ती गेली. वजीर ठेवला. तिसऱ्या चालीला मला मात. काल पोर पुन्हा आली, आणि आज धाकट्या भावालाही घेऊन आली.

सून विचारते, हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं. कुठे टाकणार? पटाच्या डब्यात ठेव. माफ केलं असं मात्र कुठेही लिहू नकोस, मी तसं म्हटलेलं नाही. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एवढं लिही. पोरीनं वर पाहिलं तेव्हा सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या, आबा, आणि 'जा' म्हणायच्या आधी माझा हात तुमच्यासारखाच त्या प्याद्याकडे निघाला होता.