यादीत नसलेला मोडेम

३ जून
नवं गाव, नवी नोकरी आणि चक्क खिडकीजवळचं टेबल! केबल कंपनीचं ऑफिस कापडाच्या दुकानावर, दोनच खोल्यांचं. घर पाच मिनिटांवर. ह्यांनी दुपारपर्यंत सगळी खोकी उघडली. चिऊ शाळेतून आल्यावर जिन्यावरून दहादा वर-खाली झाली. काम माझ्या आवडीचं. घराघरातला मोडेम चालू झाला की आमच्या सर्व्हरकडे इंटरनेटवरचा पत्ता मागतो. सर्व्हर त्याचा क्रमांक ग्राहकांच्या यादीत शोधतो आणि आठ तासांपुरता एक पत्ता देतो. पत्ता नाही तर इंटरनेट नाही. जुना सर्व्हर खिळखिळा झालाय, नवा मी लावायचा. आठ दिवसांत करते, असं साहेबांना छातीठोकपणे सांगून टाकलं.

६ जून
अकराशे बारा मोडेम नव्या सर्व्हरवर आले. पण एक अकराशे तेरावा मधेच उपटलाय. त्याचा क्रमांक यादीत नाही, तरी दर चाळीस सेकंदांनी पत्ता मागतो. नकार दिला की पुन्हा मागतो. लोचटपणाची हद्द!

९ जून
वैताग, वैताग. नकार मिळूनही सकाळी त्याने एका शिंप्याच्या मोडेमचा पत्ता पटकावला. शिंपी फोनवर अर्धा तास माझ्यावर खेकसत होता. सेटिंग तीनदा तपासलं, चूक नाही. साहेब म्हणाले, जुन्या सर्व्हरवर असलं कधी झालं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी फक्त तोंडाने म्हटलं नाही इतकंच.

१० जून
त्या मोडेमची तार कुठे जाते ते बघायला लाइनमनबरोबर गेले. सगळे त्यांना खांबमामा म्हणतात. शेवटच्या खांबावर तार संपते. पुढे घर नाही, नुसती झुडपं. मामांनी वर चढून तारच कापली. ऑफिसात येऊन बघते तर तो मागतोच आहे.
येताना शिंप्याची माफी मागायला गेले होते. दुकानाला कुलूप, कुलपावर गंज. शेजारचा न्हावी म्हणाला, अहो बाई, इथे शिंपी कधी नव्हताच.

११ जून
यादीत शिंप्याची ओळच नाही. साहेबांना तो आठवत नाही. मला म्हणाले, दोन दिवस घरी आराम कर.
आज त्याने एका निवृत्त नर्सबाईंचा पत्ता घेतला. धावत गेले. घर आहे, आत बोटभर धूळ. मामांना विचारलं तर म्हणाले, कोण नर्सबाई? कालच ते मला बाईंच्या चहाचं कौतुक सांगत होते!

१२ जून
घरी बसवेना, ऑफिसात आलेच. इलाज सापडला. प्रत्येक पत्ता ज्याच्या त्याच्या मोडेमच्या क्रमांकाला बांधून टाकला. दुसऱ्या कुणाला तो मिळणारच नाही. आणि त्या आगंतुकाचा क्रमांक कायमचा बंद केला. दुपारी दोन वाजता मागणं थांबलं. हुश्श! आज दोन घास सुखाने खाल्ले.

१३ जून, दुपार
पुन्हा मागतोय. या वेळी वेगळ्या क्रमांकाने. यादीत शोधला — सापडला.
आमच्याच घराचा.
सर्व्हरने लगेच पत्ता दिला. देणारच. मीच तसं बांधून ठेवलंय —
ह्यांचा फोन लागत नाही. निघते.

चार वाजता
दाराला गंजकं कुलूप. माझी किल्ली त्यात जातच नाही. खिडकीतून पाहिलं — रिकाम्या भिंती. खालच्या काकू म्हणाल्या, वर कुणी राहत नाही, कसली मुलगी?
शाळेत गेले. हजेरीपटात — नाही.

जिन्यावर बसून लिहितेय. ह्यांना चष्मा होता. होता ना? आवाज कसा —
मीच केलं. मीच दिला.
चिऊ हे लाडाचं. खरं नाव आजीने ठेवलेलं. ते इथे लिहून ठेवते, वहीतलं कोण पुसणार. माझ्या मुलीचं नाव —